मुरबाडला गाडी जात नाही

परळ स्टेशनवर उतरून चालत निघालं तर काही मिनिटांत दोन जुन्या संस्था लागतात. एक बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय आणि दुसरी मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. महाविद्यालय १८८६ सालचं. पश्चिम भारतात गुराढोरांच्या वैद्यकाचं रीतसर शिक्षण देणारी ही पहिली नागरी संस्था. इथून कल्याण पन्नास किलोमीटरच्या आत, लोकलने तासाभराचं. कल्याणहून पुढे मुरबाड आणखी तीसेक किलोमीटर. म्हणजे पश्चिम भारतातलं गुरांच्या डॉक्टरांचं माहेरघर आणि माळशेज घाटाच्या पायथ्याची गावं यांच्यात जेमतेम एका सकाळचं अंतर आहे. तरीही या गावांत रात्री गाय अडली की डॉक्टर मिळणं हा नशिबाचा भाग असतो. हे आजचं नाही.

रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला आली १६ एप्रिल १८५३ रोजी आणि कल्याणला १ मे १८५४ रोजी. कल्याणला रुळांना दोन फाटे फुटले, एक कसाऱ्याकडे आणि एक कर्जतकडे. दोन्हींच्या मधल्या बेचक्यात मुरबाड तालुका राहून गेला. कल्याण-मुरबाड रेल्वेच्या घोषणा ऐकत तिथल्या कित्येक पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. गुरांच्या डॉक्टरचा इतिहासही थोडाफार याच रुळांवरून गेला.

डॉक्टर यायच्या आधी गावं अगदीच निराधार होती असं नाही. घोड्यांसाठी सालोत्री असे. शालिहोत्र या प्राचीन अश्ववैद्याच्या नावावरून आलेला हा शब्द. पण सालोत्री सरदारांचा, पागेचा. कुणब्याच्या, आगऱ्याच्या, ठाकराच्या गोठ्यात तो कशाला येईल? तिथे फिरता वैदू, गावातला एखादा जाणता गुराखी, झाडपाला, बांबूच्या नळीने घशात ओतायचा काढा आणि तापलेल्या लोखंडाचा डाग. डाग हा तर सर्वरोगहर उपाय. खांदा सुजला, डाग. पाय ओढतो, डाग. पोट फुगलं, डाग. जुन्या बैलांच्या अंगावर या उपचारांचा आलेखच उमटलेला असे.

मात्र निदान पक्कं होतं, हे कबूल करावं लागेल. रोगांना गावाने दिलेली नावं म्हणजे लक्षणांची नोंदवही आहे. लाळ्या-खुरकूत म्हटलं की तोंडातून गळणारी लाळ आणि खुरांतल्या जखमा डोळ्यांपुढे येतात. घटसर्पात घसा सुजून श्वास घरघरतो. फऱ्यात मागचा फरा सुजतो आणि दाबला की चरचरतो. फाशीत चालतंबोलतं जनावर गळफास बसावा तसं कोसळतं. ही नावं आजही पशुवैद्यकीय खात्याच्या मराठी पत्रकांत जशीच्या तशी छापली जातात. खात्याने गावाकडून उसनं घेतलेलं आणि परत न केलेलं हे एक भांडवल.

सगळ्यांत भयंकर होती बुळकांडी. डोळ्यांतून-नाकातून पाणी, तोंडात फोड, मग पाण्यासारखं दुर्गंधी शेण आणि आठवडा-दीड आठवड्यात मरण. एका गोठ्यात शिरली की गाव साफ करून पुढे जायची. भातशेतीच्या या मुलखात चिखलणीच्या तोंडावर बैल गेला तर ते वर्षच गेलं. रोगाची किंमत दुधात नाही, भाताच्या खंडीत मोजावी लागे. बुळकांडीवर डागही चालत नसे आणि काढाही. मग गावची वेस बांधायची, गावदेवीला गाऱ्हाणं घालायचं, बाहेरचं ढोर आत येऊ द्यायचं नाही. यातला शेवटचा उपाय शास्त्राच्या कसोटीवरही उतरतो. विलगीकरण हा शब्द तेव्हा कुणाला माहीत नव्हता, एवढंच.

जगातलं पहिलं पशुवैद्यकीय महाविद्यालय फ्रान्समधल्या ल्यों शहरात १७६१ साली निघालं, त्यामागे हीच बुळकांडी होती. हिंदुस्थानात इंग्रज सरकारला जाग यायला आणखी शंभर वर्षं लागली, आणि तीही आधी घोड्यांसाठी. पुण्यात १८६२ साली लष्कराची पशुवैद्यक शाळा सुरू झाली. पुढे गुरांच्या साथींनी महसुलालाच हात घातला तेव्हा १८६९ साली चौकशी आयोग नेमला गेला. त्याचे प्रमुख होते मुंबई इलाख्यातलेच लष्करी पशुवैद्य जे. एच. बी. हॅलन. आयोगाचा अहवाल १८७१ साली आला. साथ फैलावते ती संसर्गाने, आणि ती आवरायची तर या देशातल्याच माणसांना शिकवून तयार करावं लागेल, या दिशेने कारभाराचा विचार तिथून सुरू झाला.

मुंबईत मात्र गोष्ट सुरू झाली ती दयेपासून. प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी सोसायटी इथे १८७४ साली निघाली. त्याच वर्षी शहरात घोड्यांची ट्रामही सुरू झाली. ट्राम कंपनीचे घोडे सुरुवातीला दोनशे होते. १९०५ पर्यंत ते १,३६० झाले. शिवाय टांगे, व्हिक्टोरिया, गोदीतल्या बैलगाड्या. सारं शहर जनावरांच्या पाठीवर चालत होतं. जखमी, लंगड्या जनावरांसाठी सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांनी परळला दान दिलं आणि पत्नी साकरबाईंच्या नावाने रुग्णालय उभं राहिलं. त्याच्याच शेजारी महाविद्यालय निघालं. त्याची घडी बसवली जॉन हेन्री स्टील या लष्करी पशुवैद्याने. स्टील मुंबईतच १८९१ मध्ये वारला, तेव्हा तो चाळिशीतही नव्हता. महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्यांच्या नावापुढे ‘जी.बी.व्ही.सी.’ ही अक्षरं लागू लागली, म्हणजे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा पदवीधर. खेडोपाडी या अक्षरांचा दरारा असे. पाटलाला अर्थ कळत नसला तरी वजन कळत असे.

इथे एक गोम होती. शहराच्या मधोमध, घोड्यांच्या गर्दीत शिकलेल्या या तरुणांपुढे नोकरीचे रस्ते होते ते लष्कराच्या पागा, संस्थानांचे तबेले, शर्यतीचे घोडे आणि मोठ्या गावचे दवाखाने. मुरबाडच्या गोठ्यातली गाय दिवसाला शेर-दोन शेर दूध देणारी. तिच्यासाठी फी कोण मोजणार?

मुंबई इलाख्यात मुलकी पशुवैद्यक खातं १८९२ साली सुरू झालं. आजचा पशुसंवर्धन विभाग आपला जन्म त्याच वर्षीचा मानतो. साथीची बातमी आली की तिकडे धावायचं, हे या खात्याचं मुख्य काम. बातमी जायची पाटलाकडून मामलेदाराकडे, मामलेदाराकडून वर; आणि ती उतरत्या पायऱ्यांनी परत येऊन डॉक्टर गावात पोचेपर्यंत घटसर्पाने आपलं काम उरकलेलं असायचं. घटसर्प चोवीस तासांतही जनावर नेतो. त्याला अर्ज-विनंतीची भाषा समजत नाही.

त्यात ठाण्याचा भूगोल. तेव्हाचा जिल्हा डहाणू-तलासरीच्या टोकापासून मुरबाडच्या डोंगरापर्यंत पसरलेला. (पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला.) जून ते सप्टेंबर ओढे-नाले भरून पाड्यांची वाट बंद, आणि जनावरांचे रोग नेमके त्याच दिवसांत. म्हणून घटसर्प-फऱ्याची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यायची हा आजचा शिरस्ता पडला. लस थंड ठेवावी लागते, म्हणून बर्फ हवा. मे महिन्यात शहापूरच्या पाड्यावर बर्फ नेणं हे स्वतंत्र शास्त्र होतं.

या पावसाला पुरून उरणारी जनावरं इथल्या लोकांनी डॉक्टरशिवायच घडवली, याची नोंद मात्र व्हायला हवी. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना दिसणारी डांगी गुरं घ्या. काळे-पांढरे किंवा तांबडे-पांढरे ठिपके, कठीण काळे खूर, आणि कातडीतून पाझरणारा तेलकट अंश, ज्यावरून पावसाचं पाणी ओघळून जातं. खाली कोकणपट्टीत लहान चणीची, काटक कोकण कपिला. अश्विन वद्य द्वादशीला ठाकर, वारली, कातकरी वाघबारस करतात. गुरं राखणारे वाघदेवाला नैवेद्य दाखवतात आणि आमच्या ढोरांना हात लावू नको म्हणून सांगतात. वाघाशी असा करार करता येत होता. बुळकांडीशी नाही.

दरम्यान जिल्ह्याचं चरित्रच बदलत गेलं. मुंबईच्या तबेल्यांना आणि घोड्यांना लागणारं गवत या डोंगरांतून जाऊ लागलं. ते कापणाऱ्या वारल्यांनी १९४५ साली पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मजुरी मागितली आणि त्यातून उठाव उभा राहिला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. गोदावरी परुळेकरांमुळे हा लढा मराठी वाचकाला ठाऊक आहे. फार कमी वेळा आठवतं ते एवढंच की भांडणाच्या मुळाशी असलेला तो चारा मुंबईच्या जनावरांच्या पोटात जात होता. गवत इथलं, दूध शहराचं आणि डॉक्टरही शहराचा, अशी ती वाटणी होती.

शहराचं दूधही सरकत सरकत ठाण्याकडे आलं. दारा खुरोडींच्या पुढाकाराने १९४९ साली गोरेगावजवळ आरे वसाहत उभी राहिली, मुंबईतल्या म्हशी तिथे नेल्या गेल्या. पुढे जागा महागली, कायदे कडक झाले. शहरांत जनावरं पाळण्यावर नियंत्रण आणणारा राज्याचा कायदा १९७६ चा. तबेल्यांसाठी थेट डहाणू तालुक्यात दापचरीचा सरकारी दुग्धप्रकल्प आखला गेला. तबेलेवाल्यांनी जमेल तिथे जवळच मुक्काम ठोकला: ठाणे, भिवंडी, कल्याण. कल्याण शहरात एका भागाचं नाव आजही दूधनाका आहे. तबेल्यातली म्हैस म्हणजे रोकड. ती दोन दिवस आटली तरी मालकाचं गणित बिघडतं, म्हणून तो रात्री दोनला खाजगी डॉक्टरला फोन करतो आणि डॉक्टर येतो. त्याच कल्याण तालुक्यात दहा किलोमीटरवर नांगराचा बैल आजारी पडला तर सकाळपर्यंत वाट पाहायची. डॉक्टर कमी आहेत की जनावराची किंमत कमी आहे, हा प्रश्न इथे उघडा पडतो. प्रस्तुत लेखकाच्या मते टंचाईच्या सगळ्या आकडेवारीखाली हीच गोष्ट दबलेली आहे: पशुवैद्य जनावरांच्या संख्येकडे जात नाही, त्यांच्या किमतीकडे जातो. कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यांची ठाणे-डोंबिवलीतली दाटी पाहिली की याला वेगळा पुरावा लागत नाही. त्या डॉक्टरांना दोष देण्यातही अर्थ नाही. घरभाडं त्यांनाही भरायचं असतं.

किमतीचा हा नियम मोडायचा तर सरकारनेच मोडायला हवा होता, आणि स्वातंत्र्यानंतर काही काळ तो मोडलाही. राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन मोहीम १९५४ साली सुरू झाली. मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत शेळीवर तयार केलेली लस हे तिचं हत्यार. ही प्रयोगशाळा मुळात १८८९ साली पुण्यात निघाली आणि १८९३ मध्ये हिमालयातल्या मुक्तेश्वरला हलवली गेली, म्हणजे हेही नातं इथलंच. लस टोचायला गावोगाव फिरले ते पदवीधर डॉक्टर थोडे आणि त्यांच्या हाताखालचे स्टॉकमन फार. देशातला बुळकांडीचा शेवटचा रुग्ण १९९५ सालचा. जग तिच्यापासून मुक्त झाल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसरा रोग. देवीच्या निर्मूलनाचं नाव शाळेच्या पुस्तकात आहे. बुळकांडीचं नाव आज तिशीतल्या शेतकऱ्याच्या मुलालाही ठाऊक नसतं. यश इतकं पूर्ण असलं की त्याची आठवणही राहत नाही.

हा स्टॉकमन म्हणजे या कथेतलं सर्वांत महत्त्वाचं पात्र. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि गुरांचे दवाखाने बहुतांशी त्यांच्याकडे गेले. श्रेणी एक आणि श्रेणी दोन अशी विभागणी रूढ झाली. श्रेणी एकला पदवीधर पशुधन विकास अधिकारी. श्रेणी दोनला पदविकाधारक, म्हणजे जुन्या भाषेतला स्टॉकमन, नव्या भाषेतला पशुधन पर्यवेक्षक. जोडीला व्रणोपचारक आणि परिचर. समोर लोखंडी नळ्यांचा खोडा, ज्यात जनावर अडकवून तपासायचं. राज्यात श्रेणी दोनचे दवाखाने श्रेणी एकपेक्षा जास्त राहिले, याचा सरळ अर्थ असा की महाराष्ट्राच्या बहुसंख्य गुरांनी आयुष्यात जो डॉक्टर पाहिला तो कागदोपत्री डॉक्टर नव्हता. गावाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. सुई टोचतो तो डॉक्टर.

कायद्याला मात्र होतं. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा. त्याच्या कलम ३० नुसार नोंदणीकृत पदवीधराशिवाय कुणी पशुवैद्यकी करू शकत नाही. राज्य सरकारने ठरवून दिलेल्या किरकोळ सेवा पदवीधराच्या देखरेखीखाली इतरांना देता येतात. कागदावर हे रास्तच आहे. चुकीचं प्रतिजैविक, चुकीची मात्रा, अर्धवट बाळंतपण यांनी जनावर मरतं आणि दुधात औषध उतरतं. पण देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचीच खुर्ची रिकामी असेल, किंवा एकाच अधिकाऱ्याकडे तीन-चार दवाखान्यांचा कार्यभार असेल, तर देखरेख कुणाची? पदवीधर आणि पदविकाधारक यांच्या संघटना या मुद्द्यावर वर्षानुवर्षं समोरासमोर आहेत. संप झाले, निवेदनं गेली. दोन्ही बाजूंचं म्हणणं वाचलं तर दोन्ही बरोबर वाटतं, आणि गाय मधल्यामध्ये.

आफ्रिकेत हा पेच वेगळ्या तऱ्हेने सुटला. युगांडाच्या करामोजात, दक्षिण सुदानमध्ये, इथिओपियाच्या अफार भागात बुळकांडी शेवटपर्यंत चिवटपणे टिकून होती. तिथे युद्ध होतं, रस्ते नव्हते, डॉक्टर तर नव्हतेच. मग उष्णतेत टिकणारी लस आणली आणि ती टोचायला गुराख्यांनाच शिकवलं. बुळकांडीचे शेवटचे अड्डे मोडले ते अंगठाबहाद्दर गुराख्यांनी. महाराष्ट्रात अलीकडे बचतगटांतून तयार होणाऱ्या पशुसखी शेळ्यांना जंताचं औषध देतात, साध्या आजारांवर प्रथमोपचार करतात, दिशा तीच. श्रीमंत देशांनाही ही अडचण चुकलेली नाही. अमेरिका टंचाईचे भाग नकाशावर आखते आणि तिथे किमान तीन वर्षं काम करणाऱ्या पशुवैद्याचं शिक्षणाचं कर्ज फेडते. म्हणजे तिथेही डॉक्टर गावाकडे आपण होऊन वळत नाही. त्याला वळवायला पैसे लागतात.

राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्य असं माप सांगितलं. हे माप आजही प्रत्येक चर्चेत निघतं. पण हे डोकी मोजणारं माप आहे, घाट मोजणारं नाही. सपाटीवर पाच हजार गुरं मोटारसायकलने आठवड्यात पालथी घालता येतील. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर तेवढ्यासाठी एक पावसाळा पुरायचा नाही.

ठाणे जिल्हा परिषदेखाली आता पाचच तालुके उरलेत: कल्याण, अंबरनाथ, भिवंडी, शहापूर, मुरबाड. ग्रामीण भाग आकसतोय, गोठे कमी होतायत, संकट मात्र आकसत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोली गावात बर्ड फ्लू निघाला आणि आसपासच्या किलोमीटरभरातली सुमारे पंचवीस हजार कोंबड्या नष्ट करण्याची पाळी आली. त्याच वर्षी पावसाळ्यात गुरांचा लम्पी त्वचारोग राज्यभर पसरला, गुरांचे बाजार बंद झाले, आणि लसीकरणासाठी खाजगी डॉक्टर, पदविकाधारक, महाविद्यालयांतले प्रशिक्षणार्थी अशा सगळ्यांना मैदानात उतरवावं लागलं. संकटात कलम ३० ची भिंत ठेंगणी होते हा अनुभव नवा नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०२५ मध्ये पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या २,७९५ जागांची जाहिरात काढली. एका जाहिरातीत इतक्या जागा निघतात, यावरून आदल्या वर्षांत किती खुर्च्या मोकळ्या असतील ते वाचकाने ताडावं.

आता फिरती पथकं आहेत. टोल-फ्री क्रमांक फिरवला की औषधं आणि डॉक्टर घेऊन गाडी गोठ्यात यावी, अशी योजना. एक लाख जनावरांमागे एक गाडी हे तिचं माप. क्रमांक आहे १९६२. गुरांचे दवाखाने जिल्हा परिषदेकडे गेले तेच साल. हा निव्वळ योगायोग असला तरी ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या कर्मचाऱ्याला त्यात गंमत वाटावी.

मुरबाड तालुक्यातल्या म्हशाला पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. घोंगड्या, भांडी, मिठाई आणि बैलबाजार. कल्याण-डोंबिवलीच्या आगरी गावांतले शर्यतीचे शौकीन इथे जातात. शर्यतींवरची बंदी डिसेंबर २०२१ मध्ये उठल्यापासून चांगल्या खोंडाला भाव आला आहे, आणि शर्यतीत उतरायचं तर बैल धडधाकट असल्याचा पशुवैद्याचा दाखला लागतो. नांगराच्या बैलाला जो डॉक्टर मिळेना तो शर्यतीच्या बैलाला शोधून आणावा लागतो. बाजारात गिऱ्हाईक आधी दात पाहतं: दोनदाती, चारदाती की जुळलेला. मग खूर, खांदा, चाल. हेडी, म्हणजे गुरांचा दलाल, रुमालाखाली बोटं धरून सौदा करतो. आणि १ जून २०२४ पासून बैलाच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला नसेल तर खरेदी-विक्रीच होत नाही. तो बिल्ला मारायला दवाखान्यातलं कुणीतरी त्या गोठ्यापर्यंत एकदा तरी पोचलेलं असतं. गिऱ्हाईक कान उलटा करून आकडे वाचतं, बोटाने पुसून पुन्हा वाचतं, आणि मग खिशाला हात घालतं.